फ्रेंच रग्बीचा इतिहास मांडायचा कसा?

सुरुवात राष्ट्रीय संघापासून करू नका. फ्रान्समध्ये आधी क्लब आले, संघ नंतर. कागदावर तीन रकाने आखा: क्लब, राष्ट्रीय संघ आणि तेरा जणांचं रग्बी (रग्बी लीग; नेहमीचं रग्बी पंधरा जणांचं). तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात.

पहिल्या रकान्यात १८७२ लिहा. ल आव्र बंदरात राहणाऱ्या ब्रिटिशांनी तेव्हा क्लब काढला. पुढची नोंद २० मार्च १८९२: पॅरिसच्या दोनच क्लबांची पहिली अजिंक्यपद लढत, रेसिंगने स्ताद फ्रांसेला ४-३ हरवलं, पंच होते आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्तँ. विजेत्यांची ब्रेन्यूस ढाल तेव्हापासूनची. १८९९ मध्ये बोर्दोच्या क्लबने ती जिंकली. इथून पुढे नैऋत्य फ्रान्सचा नकाशा शेजारी ठेवा, कारण खेळाचं खरं घर तिकडे सरकत गेलं.

दुसऱ्या रकान्यात गुण जपून वाचा. २ जानेवारी १९११ ला फ्रान्सने स्कॉटलंडला १६-१५ हरवलं, हा पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतला (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स) त्यांचा पहिला विजय. चार ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) आणि दोन कन्व्हर्जन (ट्रायनंतरची यशस्वी किक, तेव्हाही आणि आताही २ गुण). ट्रायला तेव्हा ३ गुण होते. १९७१ पासून ४, १९९२ पासून ५. आजच्या हिशेबाने ते २४ होतात. म्हणून जुन्या-नव्या गुणफरकांची थेट तुलना करू नका.

पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत फ्रान्सची १९३२ ते १९३९ ची जागा मोकळी दिसली तर नोंदी हरवल्या असं समजू नका. क्लब सामन्यांतली मारामारी आणि खेळाडूंना चोरून दिले जाणारे पैसे, या कारणांवरून ब्रिटिश संघटनांनी १९३१ मध्ये फ्रान्सशी संबंध तोडले. पुनरागमन थेट १९४७ मध्ये. हीच या इतिहासातली सगळ्यात मोठी भेग, तिच्याभोवती वेळ घालवा.

तिसरा रकाना याच भेगेतून उगवतो. १९३४ मध्ये माजी रग्बी खेळाडू जाँ गालियाने तेरा जणांचा खेळ रुजवला आणि तो झपाट्याने पसरला. डिसेंबर १९४१ मध्ये व्हिशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी सहकार्य करणारं फ्रेंच सरकार) त्याची संघटना बरखास्त करून मालमत्ता जप्त केली. हा उघड अन्याय होता. युद्धानंतर खेळ परतला, पण ‘रग्बी’ हे नाव वापरायला मनाई होती. म्हणून त्या काळची फ्रेंच वर्तमानपत्रं चाळताना ‘रग्बी आ त्रेझ’ऐवजी (rugby à treize, तेरा जणांचं रग्बी) ‘जो आ त्रेझ’ (jeu à treize, तेरा जणांचा खेळ) शोधा, नाहीतर हा खेळ मेला होता असा चुकीचा निष्कर्ष निघेल.