आरसी बुक नसलेली जुनी फियाट घ्यायचीय? आधी मालक शोधा, गाडी नंतर बघा

शेडमध्ये उभी पद्मिनी (म्हणजे फियाटच, नंतर नाव बदललेली), चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालतेय, आणि गाडीवाला म्हणतोय कागदांचं काय घेऊन बसलात, डुप्लिकेट दोन दिवसात निघतं. अहो, दोन दिवसात निघत असतं तर त्यानेच काढलं नसतं का, आणि गाडी तुम्हाला दुप्पट भावाने नसती विकली? एवढा एक प्रश्न मी पहिल्या वेळी स्वतःला विचारला असता तर टोकनचे पैसे वाचले असते. नाही विचारला. गोल हेडलाइट आणि स्टेअरिंगचा गिअर दिसला की डोकं चालत नाही माणसाचं.

तर आता दोन गाड्यांचे धडे घेऊन सांगतोय. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि तेव्हापासून ज्याला त्याला फियाट पाहिजे, त्यामुळे कुठल्या कुठल्या गोठ्यातून बिनकागदाच्या गाड्या बाहेर यायला लागल्यात. खाली जे लिहितोय ते महाराष्ट्रापुरतं आणि फियाट धरून, पण अँबॅसिडर, जीप, स्टँडर्ड हेराल्ड, सगळ्यांना तेच लागू आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. आरसी हरवणं आणि मालक हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसी हरवली तर काहीही बिघडत नाही, आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव आहे तो माणूस फॉर्म २६ भरतो, पोलिसात हरवल्याची तक्रार देतो, डुप्लिकेट मिळतं. पण हा अर्ज फक्त तोच करू शकतो. तुम्ही नाही, गॅरेजवाला नाही, ज्याच्या शेडमध्ये गाडी वीस वर्षं उभी आहे तो पण नाही. म्हणून बिनकागदाची गाडी बघायला गेलात की इंजिन चालू होतं का हे विचारूच नका, विचारायचं एवढंच की रेकॉर्डला नाव कोणाचं आहे आणि तो माणूस कुठे आहे. याचं उत्तर नसेल तर चहा प्या आणि घरी या.

आता रेकॉर्ड शोधायचं कसं. नंबर प्लेट असेल तर आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा, पण जुने तीन अक्षरी नंबर, बीएमवाय, एमआरएक्स, एमएमए असले, बहुतेक वेळा तिथे सापडतच नाहीत. म्हणजे गाडी बोगस आहे असं नाही. त्या काळचं सगळं हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असायचं आणि ज्या गाड्यांचं नंतर काहीच काम निघालं नाही त्या कॉम्प्युटरवर चढल्याच नाहीत. अशा वेळी ज्या आरटीओत पासिंग झालं तिथे जाऊन गाडीचे पर्टिक्युलर, म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा, मागायचे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एका चकरेत काम होईल अशी आशा ठेवू नका, रजिस्टर गोडाऊनमध्ये असतं, ते काढणारा माणूस रजेवर असतो, आणि जुन्या ऑफिसची मध्येच दोन ऑफिसं झाली असली तर रजिस्टर नेमकं कोणाकडे राहिलं यावरच आठवडा जातो. पण रजिस्टरमध्ये नोंद सापडली तर ती 'वाहन' या आरटीओच्या कॉम्प्युटर रेकॉर्डवर चढवता येते, बॅकलॉग एंट्री म्हणतात त्याला, आणि ती झाल्याशिवाय पुढचं काही म्हणजे काही होत नाही.

प्लेट पण नसेल तर गाडीचीच झडती घ्या. मी माझ्या दुसऱ्या गाडीचा मालक डॅशबोर्डच्या खणातून काढला, १९९४ ची इन्शुरन्सची कव्हर नोट होती, पिवळी पडलेली, त्यावर एका डॉक्टरांचं नाव, गिरगावचा पत्ता आणि चेसिस नंबर. जुनी पीयूसी, सर्व्हिसचं बिल, टॅक्सची पावती, काचेवरचा सोसायटीचा स्टिकर, काही फेकू नका. सीटखाली पण हात घाला (उंदीर असतो, हातमोजे घाला).

चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. टॉर्च आणि फिटर सोबत न्या, नंबर कुठे आहे ते त्याला माहीत असतं, घासून, पुसून, वर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आकडे एका ओळीत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, आजूबाजूला ग्राइंडर मारल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग आहे का हे बघा. कारण या धंद्यात एक सोपा रस्ता सुचवणारे एजंट खूप भेटतात, की साहेब, दुसऱ्या भंगारात गेलेल्या फियाटचे कागद आहेत माझ्याकडे, तो नंबर हिच्यावर पंच करू, कोणाला कळत नाय. कळतं. पासिंगला इन्स्पेक्टर छाप घेतो तेव्हा कळतं. आणि मग तो जुन्या गाडीचा शौक राहत नाही, बनावटगिरीची केस होते. इंजिन नंबर मात्र जुळला नाही तर लगेच घाबरू नका, अँबॅसिडरला आणि जीपला मेटाडोरचं डिझेल इंजिन बसवणं तेव्हा घरोघरी चालायचं. फक्त ती बदली आरसीवर चढवलेली होती का हे बघा, नसेल तर ते एक काम वाढलं.

चेसिस नंबर हातात आला की चोरीची आहे का हे तपासायचं. एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाची, वाहन समन्वय म्हणून ऑनलाइन सोय आहे, तिथे नंबर, चेसिस, इंजिन टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते बघता येतं. जुन्या चोऱ्या सगळ्या कॉम्प्युटरवर असतीलच असं नाही म्हणून मी लोकल पोलीस स्टेशनला पण विचारून घेतो. चोरीची निघाली तर गाडी जप्त, पैसे बुडाले, आणि माहीत असून घेतली असं वाटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहेच.

आता खरी मजा, मालक. तीन प्रकार भेटतात.

एक, मालक जिवंत आणि सापडला. लॉटरी. पण तो म्हणतो मी तर १९९८ लाच विकली, माझा काय संबंध, मी कशाला आरटीओच्या चकरा मारू. त्याला शांतपणे सांगायचं की काका, कागदावर अजून तुम्हीच मालक आहात, उद्या ही गाडी कोणी रस्त्यावर काढून माणूस उडवला तर नोटीस तुमच्या घरी येणार. ही नुसती भीती घालणं नाहीये, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हेच सांगितलं, गाडी एकामागून एक हातात फिरली होती पण नावावर पहिल्याच्याच होती, भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. हे ऐकलं की काका स्वतःच चप्पल घालतात. त्यांच्याकडून फॉर्म २६, हरवल्याची तक्रार, ॲफिडेव्हिट, आणि मग ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. जुन्या आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी पण लागते, आणि १९८० साली कर्ज दिलेली ती फायनान्स कंपनी आज कुठे आहे ते देव जाणे. म्हणून पर्टिक्युलर काढताना एचपीचा, म्हणजे कर्जाच्या बोजाचा, रकाना आधी वाचा.

दोन, मालक वारला. हे सगळ्यात जास्त. इथे गाडीवाला खिशातून आधीच सही केलेले टीटी फॉर्म, म्हणजे ट्रान्सफरचे फॉर्म, काढतो, तारीख कोरी, आणि सही करणारा माणूस दहा वर्षांपूर्वी गेलेला. ते फॉर्म परत त्याच्या खिशात ठेवा. मेलेल्या माणसाच्या सहीवर आज तारीख टाकणं म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं. बरोबर रस्ता फॉर्म ३१ चा, मृत्यूचा दाखला लावून गाडी आधी एका वारसाच्या नावावर, बाकी वारसांची ना हरकत ॲफिडेव्हिटवर, आणि मग त्या वारसाकडून तुमच्या नावावर. माझ्या गिरगावच्या डॉक्टरांच्या बाबतीत मुलगी डोंबिवलीला, एक मुलगा नाशिकला आणि धाकटा न्यू जर्सीला. मुलीने फोनवर पहिलं वाक्य काय म्हटलं तर, "बाबांची गाडी अजून आहे?" आणि रडायला लागली, पुढे सगळं तिनेच करून दिलं. धाकट्याचं ॲफिडेव्हिट तिकडच्या भारतीय वकिलातीत अटेस्ट करून कुरियरने आलं, त्यात दोन महिने गेले. एक सांगतो, वारसांशी पैशाचं स्पष्ट बोला आधीच. बापाची गाडी आहे, त्यांना काहीच न देता सह्या घ्यायला जाल तर ना हरकत मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

तीन, मालक म्हणजे कंपनी. साखर कारखाना, सूतगिरणी, औषधाची कंपनी. चालू असेल तर लेटरहेड, ठराव, सही शिक्का, होऊन जातं. बंद पडली असेल आणि लिक्विडेशनला गेली असेल तर मी तरी हात लावणार नाही. सरकारी किंवा लष्कराच्या लिलावातली जीप असेल तर लिलावाचे मूळ कागद लागतात आणि फॉर्म ३२, त्या कागदांची झेरॉक्स दाखवून कोणी टोकन मागत असेल तर देऊ नका.

पैसे कधी द्यायचे? सगळ्यात शेवटी. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलं म्हणजे गाडी तुमची झाली असं जे लोक समजतात ना, तो कागद आरटीओत कोणी बघत पण नाही. पण व्यवहाराचा पुरावा म्हणून करार कराच, आणि त्यात लिहा की थोडं टोकन आता, बाकी रक्कम डुप्लिकेट आरसी आणि सह्या हातात आल्यावर, ठराविक महिन्यांत नाही आलं तर टोकन परत. पैसे बँकेतूनच द्यायचे. माझं पहिलं टोकन रोख होतं. तो विषय नको.

कामाचा क्रम पण चुकवू नका नाहीतर गोल गोल फिराल: आधी बॅकलॉग एंट्री, मग डुप्लिकेट, मग इन्शुरन्स आणि पीयूसी, मग रिन्युअल, आणि शेवटी ट्रान्सफर. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर पाच पाच वर्षांनी वाढवायचं, ते या गाडीचं कधीच संपलेलं असणार, त्यामुळे फॉर्म २५ भरून गाडी पासिंगला न्यावी लागते. म्हणजे ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर सगळं चालू पाहिजे, आणि नेताना फ्लॅटबेडवर न्या, बिनरजिस्ट्रेशनची गाडी चालवत नेलीत तर आरटीओच्या दारातच दंड. यात रिन्युअलची फी, उशिराची फी, पर्यावरण कर असं सगळं मिळून रक्कम बऱ्यापैकी होते, गाडीचा भाव ठरवतानाच ती त्यातून वजा करा. परराज्यातली असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला टॅक्स वेगळा. गोव्याची फियाट बघून खूप जण हुरळतात, आधी एनओसी विचारा.

व्हिंटेज रजिस्ट्रेशनने सगळं सुटतं असंही कोणी सांगेल. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांची, फी २० हजार, दहा वर्षांसाठी. पण तिथेही आधी रजिस्टर झालेल्या गाडीची जुनी आरसी मागतात, आणि रोज ऑफिसला न्यायला ती गाडी चालत नाही. माझी १९७८ ची आहे, तिला अजून पन्नास पूर्ण व्हायचीत, मी काही घाई करत नाहीये.

आणि मालकाचा पत्ता लागलाच नाही तर? कोर्टातून मालकी ठरवून घेण्याचा रस्ता आहे म्हणतात वकील, पण त्यात जेवढी वर्षं जातील तेवढ्यात दुसऱ्या तीन चांगल्या कागदांच्या फियाट भेटतील. अशी गाडी भंगाराच्या भावात पार्टसाठी घ्या, दरवाजे, काचा, बंपर, मीटर, कामाला येतात. ती पण चोरीची नाही हे बघूनच, आणि मनाला आधीच सांगून ठेवा की ही रस्त्यावर येणार नाही, कारण सहा महिन्यांनी इंजिन चालू झालं की "एक चक्कर मारून येऊ" असं वाटतंच वाटतं.

एवढं सगळं झालं आणि आरसी तुमच्या नावाने आली की एकच दुःख राहतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सक्तीची आहे, त्यामुळे ती काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने हाताने रंगवलेली जुनी प्लेट काढावी लागते. माझी हॉलमध्ये भिंतीवर लावलीय, बायकोला न विचारता.