आधी किल्ली, मग डबा: कारखान्याला आग लागली तर गल्लीनं काय करायचं

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या कडेला माझी खानावळ आहे. 22 वर्षं झाली. रोज 64 डबे जातात, तिन्ही शिफ्टचे. कारखान्यात काय बनतं ते मला सगळं कळत नाही, पण कुठल्या खोलीत कोण राहतं, कुणाची कुठली शिफ्ट, कोण गावाला गेलंय, हे माझ्या वहीत असतं. मागं एकदा शेजारचं गोदाम पेटलं आणि वस्ती खाली करायची वेळ आली, तेव्हा बाकी कशापेक्षा ही वही कामाला आली. आग विझवायचं काम बंबवाल्यांचं. कोण बाहेर आलं आणि कोण आत राहिलं, हे त्यांना कोण सांगणार? ते आपल्यालाच सांगता यायला पाहिजे.

मार्च महिना होता. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, सेकंड शिफ्टचे डबे नुकतेच गेले होते आणि मी भाकरीची परात धुवायला घेतली होती. पावणेतीनला भोंगा झाला. कुणी मान वर केली नाही. आमच्या सासूबाई शहरात शाहू मिलच्या भोंग्यावर चूल पेटवायच्या म्हणे. आपल्याकडं भोंगा म्हणजे वेळ. सगळ्यांना वाटलं, शिफ्ट सुटली. पंधरा मिनिटं आधी कशी सुटेल, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. मग थिनरचं एक पिंप फुटलं, काचा हादरल्या आणि काळाकुट्ट धूर वर चढला, तेव्हा गल्ली पळायला लागली.

मी वही उघडली. फस्टवाले कामावर, सेकंडवाले गेटवर, आणि थर्डवाले 11 जण खोल्यांत झोपलेले. दिवसा झोपणारा माणूस आगीत सगळ्यात शेवटी लक्षात येतो, कारण त्याच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. खोलीतला जोडीदार कामावर जाताना लावून जातो, किल्ली त्याच्या खिशात. मी आणि आमच्या जाऊबाई वही घेऊन खोल्या बघत निघालो. दोन दारांना कुलपं. एकाची किल्ली घरमालकिणीकडं मिळाली. दुसरं मी वरवंट्यानं तोडलं. तिसऱ्या घावाला कडी निघाली. आत पंखा फुल्ल, कानात इयरफोन, पोरगं उताणं झोपलेलं. हलवलं तर डोळे न उघडताच म्हणालं, "चाची, खाना आ गया?"

त्याला काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर मी काय काय बदललं आणि आमच्या गल्लीनं काय ठरवलं, ते खाली देते. तुमच्या वस्तीला जुळेल तसं घ्या.

आधी शेजारी काय आहे ते विचारा

आपल्या कडेला नुसती फाउंड्री आहे, रंगाचं गोदाम आहे, बर्फाचा कारखाना आहे की स्पिरिटच्या टाक्या, यावर पुढचं सगळं ठरतं. विचारायला लाजू नका. 1984 च्या भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 साली कारखाने कायद्यात कलम 41ब आलं. तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत गेला, पण ही जबाबदारी तशीच आहे. धोकादायक प्रक्रिया चालते त्या कारखान्यानं काय धोका आहे आणि तो कसा टाळायचा, हे कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही सांगायचं असतं. एकट्या बाईनं गेटवर जाऊन विचारलं तर वॉचमन हाकलतो, अनुभव आहे. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या.

थोडक्यात आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे आहे. फाउंड्रीत भट्टीजवळ आग दिसली तर उत्साहानं बादली घेऊन धावायचं नाही. वितळलेल्या लोखंडाच्या रसावर पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते आणि रस उडतो. तेलाच्या आणि थिनरच्या आगीवरही पाणी नाही. बर्फाचे कारखाने, कोल्ड स्टोरेज, दुधाचे शीतकरण प्रकल्प इथं अमोनिया असतो. डोळे आणि घसा झोंबला की समजायचं. एलपीजी हवेपेक्षा जड, ती गटारीत आणि खड्ड्यात जाऊन बसते, म्हणून सखल वाटेनं पळायचं नाही. टँकरवर नारिंगी पाटी असते, तिच्यावरचा चार आकडी नंबर बंबवाल्यांना सांगा: 1075 म्हणजे एलपीजी, 1005 अमोनिया, 1170 अल्कोहोल. लांबूनच वाचा, नाही दिसला तर राहू दे. फोटो काढायला जवळ जायची गरज नाही.

वही कशी लिहायची

खानावळवाली नसेल तर दूधवाला, किराणावाला, आशाताई, बचत गटाच्या बाई, कुणीही ठेवू शकतं. ज्याच्याकडं रोजची ये-जा आहे त्यानंच ठेवावी, कारण ग्रामपंचायतीची यादी वर्षभर जुनी असते आणि भाड्यानं राहणारे तिच्यात नसतातच. एका ओळीला एक खोली. त्यात माणसं किती, शिफ्ट कुठली, किल्ली कुणाकडं, आणि "हाक मारली तर येईल का?" हा रकाना. त्यात म्हातारी माणसं, बाळंतीण, कानानं कमी ऐकणारे, ऑक्सिजनवर असलेले. ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यापुढं मी "हिंदी" लिहिते. ओडिशाची चार पोरं आहेत, त्यांना हिंदीही तोडकीमोडकी येते. त्यांच्यातल्या एकाला सगळं दोनदा समजावून ठेवलंय, तो बाकीच्यांना सांगतो.

शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून सोमवारी सकाळी मी वही नवी करते. पेन्सिलीनं. फोनमध्येही फोटो असतो, पण त्या दिवशी लाइट गेली आणि नेटवर्क असं अडकलं की फोन नुसता हातात होता.

फोन, रस्ता, आणि बघ्यांची गर्दी

101 किंवा 112 लावा. माणूस भाजला असेल तर 108. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077. "लवकर या, आग लागलीय" एवढंच ओरडून फोन ठेवू नका. ठिकाण, जवळची खूण, काय पेटलंय, आत माणसं आहेत का, आणि बंब कुठल्या फाट्यानं आत येईल ते सांगा. मग एका पोराला हायवेच्या फाट्यावर उभं करा, बंबाला वाट दाखवायला. आमच्याकडं बंब आधी चुकीच्या गेटवर गेला होता, म्हणून सांगते.

रस्ता मोकळा करायचं काम तरुण मंडळाला द्या. मिरवणुकीत गर्दी आवरायची सवय त्यांना असते, आणि पोरांना काम दिलं की ती व्हिडिओ काढत बसत नाहीत. दारातल्या मोटरसायकली आत घ्यायच्या. हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्या वाटेतून काढायच्या. आग म्हटली की आपण कोल्हापूरकर बघायला जातो, खोटं कशाला बोला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा तर डोळ्यांत पाणी घेऊन बघावं अशीच ती वास्तू होती. पण नाट्यगृह असो की केमिकलचं गोदाम, बघणाऱ्याची गाडी बंबाच्या वाटेत उभी राहते. आणि केमिकल असेल तर त्याच्या छातीतही धूर जातो.

शिरोलीकडच्या लोकांनी एक जादा गोष्ट लिहून ठेवावी. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी हायवेवर येऊन रस्ता कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी शहरातला बंब नदीपलीकडं शिरोलीला पोचत नाही. इचलकरंजीच्या बाजूनं मदत कुठून येईल, ते पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

जायचं की दार लावून बसायचं

हे पोलीस किंवा अग्निशमनवाले सांगतील तसंच करायचं. पण ते येईपर्यंत वारा बघा. देवळावरचा भगवा बघा, नाहीतर मूठभर माती सोडून बघा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून असतो, एरवी सकाळी एक आणि दुपारी दुसराच. धूर जिकडं चाललाय तिकडं पळायचं नाही, आणि धुराच्या तोंडावरही जायचं नाही. वाऱ्याला आडवं चालायचं. धूर तामगावकडं चालला असेल तर तामगावच्या पाहुण्यांकडं जायचा मोह सोडा.

धूर दारात आलाच असेल आणि बाहेर पडायला मोकळी वाट नसेल, तर आत राहणं बरं. खिडक्या लावा, कूलर आणि एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीत ओली चादर कोंबा. तोंडावर ओला रुमाल धरल्यानं काजळी अडते, अमोनियाही थोडा अडतो, पण आगीच्या धुरातला विषारी वायू अडत नाही. रुमाल आहे म्हणून धुरात शिरू नका.

निघायचं ठरलं तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. गॅसचा वास येत असेल तर मात्र कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. म्हशीचं दावं सोडा, ती आपली वाट आपण काढते. तिला ओढत न्यायला थांबू नका. औषधं, आधार, रेशनकार्ड यांची पिशवी दाराच्या खुंटीला कायम असू द्या. खोली रिकामी झाली की दारावर खडूनं मोठी फुली. फुली नाही ते दार पुन्हा वाजवायचं. आमच्या गल्लीत खडू माझ्या मसाल्याच्या डब्यात असतो.

आणि भोंग्यावर विसंबू नका. आम्ही देवळाच्या स्पीकरवरून मराठीत आणि हिंदीत तीनदा सांगायचं असं ठरवलंय. लाइट नसली तर थाळी बडवत फिरायचं. हसू नका, थाळीला पोरं लगेच उठतात.

जमल्यावर

जमायच्या जागा दोन पाहिजेत, दोन दिशांना, कारण एक तरी धुरात सापडते. आमची एक शाळेचं पटांगण, दुसरी मंगल कार्यालय. तिथं पहिलं काम चहा नाही, मोजणी. नाव पुकारायचं, टिक करायची, राहिलेली नावं बंबाच्या साहेबांना कागदावर द्यायची. परत आत जाऊन शोधायला कुणालाही सोडायचं नाही, सख्ख्या भावाला पण.

मग पाणी, बाळांना दूध, बायकांना आडोसा आणि पॅड, चार्जिंगला एक बोर्ड. जेवणाचं म्हणाल तर पहिल्या रात्री खिचडी पुरे. दहा मंडळं दहा ठिकाणहून पुरीभाजी आणतात आणि सकाळी निम्मी उकिरड्यावर जाते, हे मी पुरातही बघितलंय. एका स्वयंपाकघरानं शिजवायचं, बाकीच्यांनी तांदूळ आणि माणसं द्यायची. परप्रांतीय पोरं कोपऱ्यात उभी राहतात, ताट मागत नाहीत. त्यांना हाताला धरून बसवा.

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा, अंगठी-कडं काढून घ्या. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. आमच्या आक्का पेस्टची ट्यूब घेऊनच धावल्या होत्या. त्यांच्या हातातून काढून घेताना मला दोन शिव्या बसल्या. धूर छातीत गेलेल्याला बसतं ठेवा आणि बरं वाटत असलं तरी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवा. त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. खोकताना काळी थुंकी आली किंवा आवाज बसला तर घरी नेऊ नका, सरळ दवाखाना.

परतल्यावर

बंबवाल्यांनी सांगितल्याशिवाय परत यायचं नाही. आल्यावर आधी दारं-खिडक्या उघडा, टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल तर पाणी सोडून द्या, काजळी पडलेला चारा जनावरांना घालू नका. माझ्या चार किलोच्या कुरडया गेल्या. झटकून, धुवून बघू असं जाऊबाई म्हणत होत्या. तळल्यावर कळणार नाही ना, हाच तर घोळ. टाकल्या.

नुकसानीचे फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. धोकादायक रसायनानं अपघात झाला असेल तर 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली बाहेरच्या माणसालाही जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. चूक कुणाची हे आपण सिद्ध करायचं नसतं, पण अर्ज पाच वर्षांच्या आत गेला पाहिजे. कंत्राटी पोरांचं दुखणं वेगळंच. त्या वेळी एका ठेकेदारानं सरळ सांगितलं की हा पोरगा आमच्याकडं कामाला नव्हताच. मी वही काढली: तीन महिने, थर्ड शिफ्ट, डबा कंपनीच्या गेटवर. सह्या वॉचमनच्या. ठेकेदार मग गप्प बसला.

वरवंट्याला एक टवका गेलाय, तो तसाच आहे. स्वयंपाकघरात चुलीच्या मागं खिळ्यांची फळी ठोकलीय, तिच्यावर सध्या 17 किल्ल्या आहेत, प्रत्येकीला खोलीचा नंबर. घरमालक सुरुवातीला कुरकुरले, चोरीचं काय म्हणून. नवीन पोरगं जेवणाचं विचारायला आलं की मी दर सांगायच्या आधी हात पुढं करते. आधी किल्ली, मग डबा.