दुसऱ्याच्या प्रिंटरवरही छापील अर्जाचे माप कसे राखावे

अर्ज आपण जळगावात बसून तयार करतो आणि तो छापला जातो चोपड्याच्या किंवा रावेरच्या एखाद्या झेरॉक्स दुकानात. तिथे आपण हजर नसतो, म्हणून मापाची सगळी तजवीज फाइलमध्येच करून पाठवावी लागते. ‘प्रिंट १०० टक्क्यांवर काढा’ एवढा मेसेज सोबत पाठवला की पुरे, हा सल्ला मला आजही ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे; फाइल चार हातांतून पुढे जाते, मेसेज मात्र पहिल्याच मोबाइलमध्ये राहतो.

पानाचे माप ए४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, ठेवावे; वर्डमध्ये ते पुष्कळदा ‘लेटर’ (कागदाचे अमेरिकी माप) असते, ते बदलावे. मग पीडीएफ करावी.

खरी अडचण यापुढे येते. एका पतसंस्थेसाठी मी सभासदत्वाचा अर्ज तयार केला होता आणि त्यातली फोटोची चौकट नेमकी ३५ × ४५ मिलिमीटर ठेवली होती. शाखांतून भरलेले अर्ज आले तेव्हा बहुतेक फोटो चौकटीबाहेर येऊन शेजारच्या सभासद क्रमांकाच्या रकान्यावर चढले होते. पट्टी लावली तर चौकट ३३.६ × ४३.२ भरली, म्हणजे पान ९६ टक्क्यांवर छापले गेले होते. समास कमी पडला असेल असे समजून मी तो दोनदा वाढवला आणि दोन्ही वेळा फसलो. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत. त्यामुळे ‘फिट’ हा पर्याय निवडलेला असला की संपूर्ण पान, आपण सोडलेल्या कोऱ्या समासासकट, छापता येण्याजोग्या भागात आखडून बसवले जाते. समास कितीही वाढवला तरी पान तेवढेच आखडणार.

यावर उपाय पीडीएफमध्येच आहे. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘फाइल’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात ‘पेज स्केलिंग’ (छापताना पान लहान-मोठे करणे) समोर ‘नन’, म्हणजे ‘काही नको’, निवडावे आणि फाइल सेव्ह करावी. फाइलमधली ही खूण मानणाऱ्या प्रोग्रॅममध्ये छपाईची विंडो उघडताच मूळ माप, म्हणजे ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’, आपोआप निवडलेले दिसते. तरीही केवळ एवढ्यावर विसंबू नये, कारण प्रत्येक प्रोग्रॅम किंवा मोबाइल अ‍ॅप ही खूण मानेलच असे नाही, आणि दुकानदार स्वतः ‘फिट’ निवडू शकतोच.

म्हणून अर्जाच्या तळाशी मी नेमकी १०० मिलिमीटरची आडवी रेघ आखतो, तिच्या दोन्ही टोकांना उभी खूण करतो आणि खाली छापतो: ‘ही रेघ १०० मिमी भरली पाहिजे. न भरल्यास प्रिंट करताना ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडून अर्ज पुन्हा छापावा.’ लांबी १००च ठेवावी, ८० किंवा १५० नको. मग रेघ ९६ भरली की छपाई ९६ टक्क्यांची झाली हे हिशेब न करता कोणालाही कळते. मोजायला स्टीलची पट्टी घ्यावी, कारण प्लास्टिकच्या पुष्कळ पट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडे आत असते आणि माणूस कडेपासून मोजतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. अर्जाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला की कागदाचे माप आणि ‘पेज स्केलिंग’ची खूण दोन्ही नाहीशी होतात, आणि उरलेल्या चित्राला दुकानातला संगणक त्याच्या सोयीने कागदावर बसवतो. ब्राउझरमधून छापायची वेळ आलीच तर ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये ‘स्केल’साठी ‘कस्टम’ निवडून १०० लिहावे.

सगळ्या शाखांना फाइल पाठवण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या नसलेल्या एका दुकानातून, काहीही सूचना न देता, एक प्रत काढून आणावी आणि रेघ मोजावी. शाखेत अर्ज घेणाऱ्याने ती रेघ कोऱ्या अर्जावरच मोजावी. सह्या झाल्यावर चूक सापडली तर यावलहून आलेल्या सभासदाला पुन्हा बोलवावे लागते.