बोर्डाचं कॅल्क्युलस जमतं, मग जेईईचं का अडतं? या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेत दरवर्षी हे चालतं. बोर्डाची बॅच सोडून जेईईच्या बॅचला बसलेली पोरं पहिल्या टेस्टनंतर तोंड पाडून येतात. "सर, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत." असतातच. अडतं ते फॉर्म्युल्याशेजारच्या अटीपाशी. बोर्डात तिच्याकडे काणाडोळा केला तरी बऱ्याचदा मार्क पडतात, इथे नाही.

हे बघा. शून्य ते पाय, अंडररूट (१ + कॉस २एक्स) याचं इंटिग्रेशन. पोरं आतल्याचं झटकन २ कॉस स्क्वेअर एक्स करतात, रूट काढून रूट २ कॉस एक्स लिहितात. त्याचं साइन, आणि दोन्ही लिमिटला साइन शून्य. उत्तर शून्य, पेन खाली! अरे, रूट कधी ऋण नसतं. आलेख एका बिंदूला टेकतो, बाकी सगळा अक्षाच्या वर, मग त्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं होईल? वर्गाचं रूट काढलं की मॉड लावायचा, म्हणजे ऋण किमतीचं चिन्ह काढून ती धन घ्यायची. पाय बाय २ नंतर कॉस ऋण होतो, तिथे इंटिग्रल तोडायचा. उत्तर येतं २ रूट २.

एल हॉस्पिटलचा नियम हाती लागला की तो चटणीसारखा सगळ्याला लावतात. एक्स शून्याकडे जाताना (एक्स + १) भागिले (एक्स + २) ची लिमिट सरळ १/२ आहे. वर-खाली डेरिव्हेटिव्ह घेतलंत तर १ येईल. शून्य बाय शून्य किंवा इन्फिनिटी बाय इन्फिनिटी दिसल्याशिवाय त्याला हात लावू नका.

डेरिव्हेटिव्ह शून्य आलं की 'मॅक्सिमम' लिहून मोकळं होणं, ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. खरं तर सांगलीकराला हे समजवायला फळासुद्धा लागू नये. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, एवढं विचारून कोण थांबतं? ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी शेंबड्या पोराला ठाऊक. पुढचा प्रश्न असतो, "वाढतंय का उतरतंय? तासाला किती?" पातळी म्हणजे फंक्शन, तासाची वाढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह. तासाला ६ इंचांची वाढ ४ वर, मग २ वर आली, तरी पाणी चढतंच आहे: डेरिव्हेटिव्ह धन, सेकंड डेरिव्हेटिव्ह ऋण. 'पाणी थांबलं' म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य. पण थांबलं म्हणून उतरेलच असं नाही; कोयनेतून विसर्ग वाढला की पुन्हा चढायला लागतं. एक्सच्या घनाचं शून्यापाशी तेच होतं. त्यामुळे त्या बिंदूच्या अलीकडे-पलीकडे डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बघा. धनाचं ऋण झालं तरच तिथे लोकल मॅक्सिमम. आणि इंटर्व्हल बंद असेल तर दोन्ही टोकांच्या किमतीही तपासा.

याच्या उलट एक तक्रार असते: उत्तर बरोबर असून पुस्तकाशी जुळत नाही. साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन एकाचं साइन स्क्वेअर बाय २, दुसरीचं वजा कॉस स्क्वेअर बाय २, पुस्तकात वजा कॉस २एक्स बाय ४. तिन्ही बरोबर. फरक फक्त स्थिरांकाचा, तो 'सी'त जिरतो. माझ्याकडच्या एका पोरीने यापायी अख्खं पान खोडलं होतं. शंका आली तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फंक्शन परत मिळालं की झालं.

सबस्टिट्यूशन केल्यावर लिमिट बदलायच्या, हे वेगळं सांगत नाही.

अकरावीचं पुस्तक रद्दीत घालू नका. सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. तिथे ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून अंदाज खपतो. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो.

आणि घरी मोबाईलवर ताळा करताना एक बघा. आपल्या पुस्तकात लॉगचा पाया ई असतो, कॅल्क्युलेटरवरच्या लॉगचा १०. 'एलएन'चं बटण दाबा, नाहीतर बरोबर उत्तर खोडत बसाल.