कोकणात नवी नोकरी आणि कंपनीची गाडी : निवड कशी करावी

नव्या नोकरीच्या नियुक्तिपत्राबरोबर कंपनीच्या गाड्यांची यादी हाती पडली, की बहुतेकांची नजर आधी आपल्या पदाला मिळू शकणाऱ्या सर्वांत महागड्या गाडीवर जाते. ही यादी बहुधा मुंबईच्या किंवा पुण्याच्या मुख्यालयात तयार झालेली असते, आणि ती करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर द्रुतगती मार्ग व इमारतीखालचे वाहनतळ असते. महाड, लोटे, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणाऱ्याने ती यादी काही काळ बाजूला ठेवावी. आधी करार वाचावा, मग आपला रोजचा रस्ता आठवावा आणि गाडीचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे. हा क्रम उलटा झाला, तर आवडलेल्या गाडीसाठी नावडत्या अटी मान्य कराव्या लागतात.

करार आणि कर

कंपनीची गाडी या एकाच नावाखाली तीन वेगळ्या व्यवस्था असतात. पहिल्या व्यवस्थेत गाडी कंपनीच्या मालकीची असते आणि आपण केवळ वापरणारे असतो. दुसऱ्या व्यवस्थेत कंपनी एखाद्या लीज कंपनीकडून, म्हणजे गाड्या ठरावीक मुदतीच्या भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून, गाडी घेते आणि तिचा मासिक हप्ता आपल्याच एकूण वेतनातून, म्हणजे सीटीसीतून, वळता करते. तिसऱ्या व्यवस्थेत गाडी आपली असते आणि कंपनी भत्ता देते. दरमहा ठरावीक रकमेचा असा भत्ता सामान्यतः पूर्ण करपात्र असतो, ही गोष्ट मुलाखतीच्या टेबलावर सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून ‘गाडी मिळेल’ एवढ्या तोंडी आश्वासनावर न थांबता, आपल्याला या तिघांपैकी नेमके काय मिळणार आहे हे मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लिहून घ्यावे.

कराच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. कंपनीने दिलेली गाडी कामाबरोबर खासगी कारणासाठीही वापरली, तर त्या सवलतीचे एक ठरावीक मूल्य आपल्या पगारात मिळवले जाते. १९६२ च्या आयकर नियमांतील तिसऱ्या नियमानुसार, गाडी चालवण्याचा खर्च कंपनी करत असेल, तर हे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये होते. चालक दिला असल्यास त्यात ९०० रुपयांची भर पडे. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने, त्यानंतरच्या काळासाठीचा आकडा लेखा विभागाकडून लेखी मागून घ्यावा. जुन्या आकड्यांतून मुद्दा मात्र स्पष्ट होतो. करपात्र मूल्य गाडीच्या किमतीवर नव्हे, तर इंजिनाच्या आकारावर ठरत होते, आणि दोन गटांमधला फरक ६०० रुपयांचा, म्हणजे ३० टक्के दर व ४ टक्के उपकर धरून महिन्याला जेमतेम १८७ रुपये कराचा होता. त्यामुळे ‘कर वाचतो म्हणून लहान इंजिन घ्या’ या सल्ल्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक लीजच्या हप्त्यात, इंधनात आणि विम्यात पडतो, आणि तुलना तिथेच करावी.

किमतीकडे पाहताना २२ सप्टेंबर २०२५ ही तारीखही लक्षात ठेवावी. त्या दिवसापासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल अथवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, तर विजेवरच्या गाड्यांवर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. कंपनीने दाखवलेला हप्त्यांचा तक्ता त्याआधीचा असेल, तर तो नव्याने काढून मागण्यात संकोच करू नये.

करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम नोकरी सोडण्याचे असते, आणि नोकरी लागताना नेमके तेच वाचायचे राहते. लीजची मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची असते. मधेच राजीनामा दिल्यास उरलेली रक्कम एकरकमी भरून गाडी विकत घ्यावी लागेल, की ती कंपनीला परत करता येईल, की नव्या नोकरीतील कंपनीच्या नावे वर्ग होईल, आणि या प्रत्येक पर्यायात दंड किती, हे आकड्यांत विचारावे. परिविक्षेच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या, काळात स्वतःच्या नावावर पाच वर्षांचे दायित्व घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी कायम होईपर्यंत कंपनीची एखादी सामाईक गाडी मिळते का, ते आधी पाहावे. त्याच बैठकीत वार्षिक किलोमीटरची मर्यादा, अपघातात आपल्या खिशातून जाणारी रक्कम, आणि पती किंवा पत्नीला गाडी चालवण्याची मुभा आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

रस्ता

यानंतर एका कागदावर आपला नेहमीचा आठवडा मांडावा : घर ते कारखाना किती अंतर, मुख्यालयात किती वेळा जाणे, ग्राहकांकडे किंवा पुरवठादारांकडे कुठवर फिरणे, आणि सुटीत कुठे. पनवेलहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, किनाऱ्याने जाणारा रेवस-रेड्डी सागरी मार्ग आणि घाटावर नेणारे कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा यांसारखे घाट, हे तिन्ही रस्ते गाडीकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात. महामार्गाच्या चौपदरी झालेल्या भागात जवळपास कोणतीही गाडी चालते. घाटात मात्र चार माणसे व सामान भरून, एसी चालू ठेवून, चढणीवरच्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम न तोडता निघते का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. स्वयंचलित गिअरची गाडी घेणार असाल, तर उतारावर खालचा गिअर स्वतः टाकता येतो ना, याची खात्री करावी. केवळ ब्रेकच्या भरवशावर कुंभार्ली उतरणे बरे नव्हे. शोरूमवाले सपाट रस्त्यावर फेरी मारून आणतात. त्यांना नम्रपणे, पण ठामपणे, जवळच्या घाटात घेऊन चलण्यास सांगावे.

सागरी मार्गावरून कामाला जाणाऱ्यांनी फेरीबोटीचा विचार अवश्य करावा. दाभोळ ते धोपावे, वेसवी ते बागमांडला, जयगड ते तवसाळ, आगरदांडा ते दिघी या फेऱ्यांमुळे खाडीला घातला जाणारा मोठा वळसा वाचतो, पण ओहोटीच्या वेळी बोटीचा लोखंडी पाट जेटीच्या उतारावर खाली टेकतो आणि दोन उतारांच्या मध्ये एक खोलगट कोन तयार होतो. ज्या गाडीचा पुढचा बंपर लांब आणि खाली झुकलेला असतो, तिची हनुवटी त्या कोनात हमखास घासते. मागून खलाशी ‘हळू, हळू’ म्हणत असतो आणि पुढून खरवडल्याचा आवाज येतो. म्हणून माहितीपुस्तिकेतला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतराचा, आकडा वाचून समाधान मानू नये. तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, आणि बंपरचा कोन त्यात मोजलेला नसतो. चार माणसे बसवून गाडी किती खाली बसते ते शोरूमच्या बाहेरच पाहून घ्यावे.

आतल्या गावांत रुंदी हाच प्रश्न असतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी, आणि मागे घेण्यावाचून इलाज नाही, असा प्रसंग आठवड्यातून अनेकदा येणार असेल, तर आपल्या पदाला शोभणारी रुंद गाडी त्या पदाचाच दिवस खराब करते. मागचा कॅमेरा आणि मिटणारे आरसे येथे चैनीच्या वस्तू राहत नाहीत.

चाकांबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. वरच्या श्रेणीतील गाड्यांना १७-१८ इंचांची, कमी उंचीच्या टायरची चाके दिलेली असतात; ती छायाचित्रात उठून दिसतात, पण पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळली की रिम वाकते, आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात त्या दिवशी मिळेलच असे नसते. एक श्रेणी खालची, जाड टायरची गाडी घेणे शहाणपणाचे असते. स्टेपनीऐवजी केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच देणाऱ्या गाड्या मी तरी कोकणासाठी सुचवणार नाही. शिवाय गाडी बनवणाऱ्या कंपनीची अधिकृत कार्यशाळा आपल्या गावापासून किती दूर आहे, हे मोजावे. लीजच्या गाडीची सर्व्हिस बहुधा तिथेच करावी लागते, आणि त्यासाठी दर वेळी अख्खी रजा जाणार असेल तर तो खर्च आपलाच आहे.

इंधन

डिझेलचा निर्णय अंतरावर घ्यावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते आणि ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. महाड ते सावंतवाडी असा पट्टा सांभाळणाऱ्या विक्री अधिकाऱ्याला डिझेल उत्तम. पण रोज घरापासून कारखान्यापर्यंतचे दहा-बारा किलोमीटरच जाणाऱ्याच्या गाडीत डॅशबोर्डवर त्या जाळीचा दिवा लागण्याची शक्यता मोठी असते. सीएनजीचा खर्च कमी असला, तरी टाकी डिकीतली जागा खाते, चढणीवर ताकद थोडी कमी जाणवते, आणि पंप आपल्या मार्गावर आहे की वाट वाकडी करून जावे लागते, हे पाहावे लागते.

विजेवरची गाडी रोजच्या ठरलेल्या अंतरासाठी फार सुखाची आहे. कोकणात मात्र आधी विचारावा लागतो तो प्रश्न वेगळाच : गाडी घरापर्यंत जाते का? अनेक वाड्यांत रस्ता देवळापाशी संपतो आणि पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून घर येते. अशा ठिकाणी गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी राहणार आणि चार्जरची वायर तिथवर पोहोचणार नाही. कारखान्याच्या आवारात चार्जिंगची सोय असेल तर अडचण सुटते. घरी चार्ज करणार असू, तर त्या विजेचे बिल कंपनी कशी भरपाई करणार, हे धोरणात लिहिलेले असावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हेही विसरू नये. घरात दुसरे वाहन असेल, तर ही भीती बरीच कमी होते.

पाऊस, खारे वारे आणि विमा

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना इंजिन संरक्षणाचे कलम समजावून सांगावे लागत नाही. सर्वसाधारण सर्वसमावेशक विम्यात पुराने झालेले नुकसान येते, पण पाणी शिरलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडले, तर ते परिणामी नुकसान मानून दावा नाकारला जाऊ शकतो. विमा आपली कंपनी काढणार असली, तरी त्यात इंजिन संरक्षण आणि घसारामुक्त (सुट्या भागांच्या भरपाईतून घसारा न कापणारे) ही दोन जादा कलमे आहेत का, हे पॉलिसीची प्रत मागवून पाहावे. नसल्यास फरकाची रक्कम आपण भरण्याची तयारी दाखवावी.

गंज हा हळू चालणारा पूर आहे. खाऱ्या हवेत गाडीच्या तळाचे सांधे, सायलेन्सर आणि ब्रेकच्या चकत्या समुद्रापासून दूरच्या भागापेक्षा लवकर तांबूस होतात. लीज संपल्यावर गाडी परत करताना तपासनीस याची नोंद करतो, आणि ही ‘नेहमीची झीज’ की ‘निष्काळजीपणा’ यावर वाद होतो. म्हणून तळाला गंजरोधक लेप गाडी ताब्यात घेतानाच, कंपनीच्या बिलात घालून, करून घ्यावा आणि त्याचे प्रमाणपत्र जपावे. आतील रंग गडद निवडावा. फिकट आसनांवर तांबडी माती आणि आषाढातली बुरशी दोन्ही उठून दिसतात. माडाखाली गाडी लावू नये, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको, पण बदली होऊन येणाऱ्याला सांगावे लागते.

जागा आणि ताबा

गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा स्टेशनवर गाडी घेऊन जायचे काम कोणाकडे येते, हे उघड आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना शोरूममध्ये नेऊन मागच्या सीटवर बसवून पाहावे. आईला गुडघे धरून चढावे लागत असेल, तर उंच एसयूव्हीपेक्षा मध्यम उंचीची गाडी बरी. सुरक्षेसाठी भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीचे, तारांकन पाहावे. ऑक्टोबर २०२३ पासून ते सुरू आहे. सहा एअरबॅग आणि घसरण रोखणारी यंत्रणा यांवर तडजोड करून सनरूफ घेऊ नये, कारण कोकणात वर्षातले चार महिने ते उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

ताबा घेताना चासी क्रमांक बिलाशी जुळवावा, भर दिवसा चारही बाजूंनी आणि तळाची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी कंपनीला पाठवावीत, आणि किलोमीटरचा आकडा हस्तांतरणाच्या कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. नोंदणी कंपनीच्या किंवा लीज कंपनीच्या नावे असल्यामुळे आरसी, म्हणजे वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, आपल्या डिजिलॉकरमध्ये दिसेलच असे नाही. त्यासाठी आरसी व विम्याची प्रत, आणि ‘सदर वाहन आमच्या अमुक कर्मचाऱ्यास वापरण्यास दिले आहे’ असे कंपनीच्या लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे अधिकारपत्र गाडीतच ठेवावे. बांद्याहून पत्रादेवीमार्गे गोव्यात जाताना नाक्यावर विचारणा झाली, तर तेच दाखवावे लागते.