बागेतली सातेरीची पेटी : काळजीपोटी होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात पाषाणला आमच्या मागच्या अंगणात जांभळाखाली मधमाश्यांची पहिली पेटी ठेवली, त्या आठवड्यात मी रोज झाकण उघडून बघत होते. राणी आहे ना, अंडी आहेत ना, मुंग्या तर शिरल्या नाहीत ना. नवव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी. चार फ्रेमवर, म्हणजे पेटीतल्या लाकडी चौकटींवर, बांधलेली पोळी होती, माशी एकही नव्हती. रोगाचं कसलंच चिन्ह नव्हतं. मीच त्यांना हुसकावलं होतं.

आपल्याकडे बागेत पाळतात ती बहुतेक सातेरी, आपली देशी मधमाशी. बाहेरून आणलेली मेलीफेरा माशी बराच त्रास सोसून जागेवर राहते, सातेरी राहत नाही. सारखा धक्का, ऊन, मुंग्या किंवा उपासमार झाली की ती घर सोडते. पिल्लांच्या पोळ्याची ऊब ३४-३५ अंशांच्या आसपास राखायला माशा रात्रंदिवस राबत असतात आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती मेहनत वाया जाते. म्हणून नवी वसाहत आणल्यावर पहिला आठवडा पेटीला हात लावू नका. नंतर आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे, तेही उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि थंडीत ऊन चढल्यावर. पावसाळ्यात उघडीप असेल तरच.

उघडण्याआधी दाराशी बसा

सकाळी चहाचा कप घेऊन पेटीच्या बाजूला दहा मिनिटं बसा, समोर नको. पायांवर परागाचे पिवळे-केशरी गोळे घेऊन माशा आत जाताना दिसल्या, तर आत पिल्लं वाढताहेत आणि राणी बहुधा ठीक आहे. दाराशी पाच-दहा मेलेल्या माशा दिसल्या तर घाबरू नका. कामकरी माशीचं आयुष्य साधारण महिना-दीड महिन्याचं असतं. दुपारी अचानक शे-दीडशे माशा पेटीकडे तोंड करून हवेत झुलू लागल्या, तर ती कोवळ्या माशांची घर ओळखण्याची फेरी असते. अर्ध्या तासात सगळं शांत होतं. दुसऱ्या वसाहतीच्या माशा मध चोरायला आल्या असतील तर दाराशी झटापट दिसते आणि परक्या माशा फटींतून घुसायला बघतात. अशा वेळी दार एक-दोन माश्या जातील इतकंच ठेवा.

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी माशा पेटीबाहेर लोंबून बसतात, तो उकाड्याचा परिणाम. पेटीला दुपारची सावली द्या आणि जवळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा.

नराच्या घरावरचं भोक म्हणजे रोग नव्हे

नवखी माणसं हमखास फसतात ती इथे, मीही फसले होते. सातेरीचा नर पोळ्यातल्या ज्या घरात वाढतो, त्यावरचं झाकण टोकदार असतं आणि त्याच्या मधोमध बारीक भोक असतं. तो तिचा स्वभावच आहे. तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, मेणाचा भुगा पडतो तेही तसंच, जुनं पोळं कुरतडून नवं बांधायची तिला सवय असते. पण त्या भुग्यात जाळी आणि काळ्या लेंड्या दिसल्या, तर तो मेणकिडा, पोळी खाणारी पतंगाची अळी.

मेणकिडा खरा हात मारतो पावसाळ्यात, वसाहत रोडावलेली आणि पोळी उघडी पडलेली असताना. माशांनी झाकलेली नाहीत ती पोळी काढून घ्या आणि आठवड्याला तळपाट खरवडून स्वच्छ करा. काढलेली चांगली पोळी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग घट्ट बंद डब्यात ठेवली तर टिकतात. पेटीत कीटकनाशक फवारायचा विचार मनातही आणू नका, कारण माशीही कीटकच आहे.

राणी दिसत नाही

राणी शोधत एकेक फ्रेम उलटी-पालटी करण्यात वेळ घालवू नका. अंडं तीन दिवसांत फुटतं, त्यामुळे घराच्या तळाशी एकेक उभं अंडं दिसलं, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. एकाच घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असली, तर राणी गेली आहे आणि कामकरी माशा अंडी घालू लागल्या आहेत. अशी वसाहत सावरणं कठीण असतं, वाट बघत बसू नका, जाणत्या माणसाला बोलवा.

खरा रोग कसा ओळखायचा

सातेरीचा सगळ्यात वाईट शत्रू थाई सॅकब्रूड, हा अळ्यांना होणारा रोग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्याने संपवल्या. यात अळी घरात उताणी ताणून पडते आणि डोक्याकडचा भाग होडीच्या नाळेसारखा वर येतो. चिमट्याने उचललं तर पाण्याची पिशवी हाताला लागावी तशी अख्खी निघते. हा विषाणू आहे, त्यामुळे कुणी अँटिबायोटिक सुचवलं तर ऐकू नका. त्याचा उपयोग शून्य, आणि अंश मधात उतरतो. त्या पेटीतली फ्रेम दुसऱ्या पेटीत घालू नका, हत्यारं उकळत्या पाण्याने धुवा, वसाहतीला खायला द्या. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवली की रोगाची साखळी तुटायला मदत होते. पण हे पहिल्यांदा एकट्याने करू नका. पुणेकरांना गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. पोळ्याचे स्वच्छ फोटो घेऊन तिथे जा.

मेलीफेरावरच्या व्हिडिओत दाखवतात त्या कोळ्यांविरुद्धच्या औषधी पट्ट्या सातेरीला सहसा लागत नाहीत. वरोआ कोळी मुळात तिच्यासोबतच वाढलेला आहे आणि ती एकमेकींच्या अंगावरून तो चावून काढते.

मध काढला आणि उपाशी ठेवलं

मे महिन्यात जांभूळ, करंज संपत येतात आणि हौसेने सगळा मध काढला जातो. मग जूनपासून पाऊस, बाहेर फुलं नाहीत, घरात साठा नाही. मी पाहिलेल्या बहुतेक बागेतल्या पेट्या अशाच मेल्या. खालच्या पिल्लांच्या कप्प्यातल्या मधाला हात लावू नका, वरच्यातलाही थोडा ठेवा. टंचाईत साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करा आणि संध्याकाळी पेटीच्या आतच ठेवा. बाहेर सांडला तर चोरीला आमंत्रण. गूळ चालत नाही, त्यातला न पचणारा भाग त्यांना हगवण लावतो. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतो.

मुंगळे आणि डासांचा धूर

स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंगळे थांबतात. पण त्या पाण्यात डास होतात, म्हणून थोडं तेल सोडा. शेजारच्या सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दारापुढे मूठभर माशा जीभ बाहेर काढून पडलेल्या होत्या. ते बघवत नव्हतं. आता मी फवारणीची वेळ आधी विचारून ठेवते. तिन्हीसांजेला माशा परतल्या की दार बारीक जाळीने बंद करते, पेटीवर ओलं पोतं टाकते आणि धूर विरला की लगेच काढते.