अडकलेला प्लग आणि सीओटूचा सिलेंडर

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या लायकॉमिंग ओ-३२० इंजिनात चार सिलेंडर आणि आठ स्पार्क प्लग. वरचे चार सहज निघतात. खरा घाम काढतात ते खालचे. तिथे तेल आणि शिशाचे खडे साचतात, शिवाय एक्झॉस्टचा पाइप आडवा येतो आणि पाना सरळ बसत नाही.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र, बंद आहे ना, ते आधी पाहा. मग लीडची (प्लगला येणाऱ्या वायरची) नट सोडताना लीडची एल्बो, म्हणजे तिचं वाकडं टोक, दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर आतली वायर पिळवटते. पाना ७/८ इंचाचा, सहा कोनी, खोल सॉकेटच हवा. तो तिरका बसला की प्लगचं सिरॅमिकचं इन्सुलेटर तडकलंच समजा.

तरीही हलत नसेल तर पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर वाढवू नका. सिलेंडरचं हेड अॅल्युमिनियमचं. ताकदीने प्लगबरोबर हेलिकॉइलही (हेडमध्ये बसवलेली आट्यांची तारेची गुंडाळी) बाहेर येतं आणि मग अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी हेड कोमट करून, फनेल लावून सीओटूच्या अग्निशामकाचा फवारा फक्त प्लगवर मारा. पोलादी प्लग आकसतो, भोवतीचं हेड मात्र गरमच राहतं. फवारा थांबताच पाना लावा. हातमोजे विसरू नका, कातडी चिकटते.

निघालेला प्लग हातातून फरशीवर पडला तर? सरळ कचऱ्यात. दिसायला धड दिसतो, पण आतून तडकलेला असू शकतो.